डब्यावरची न वाचलेली ओळ

आमच्या घरात बैठक आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नाही, पडदा आहे. त्या पडद्याच्या अलीकडे, स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ करून, एक प्लास्टिकची खुर्ची असायची. तिच्यावर मी बसायचो. पलीकडे दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायका जमायच्या. साबण, शाम्पू, तोंडाला लावायची क्रीम, पावडरीचे डबे सतरंजीवर मांडलेले असायचे. मधूनच बायकोची हाक यायची.

"अहो, याच्यावर टॅक्स किती बसते?"

"अठरा."

"धरून किती झाले?"

मी आकडा सांगायचो. मांडीवर कॅल्क्युलेटर असायचं, पण ते फारसं दाबावं लागत नसे. एवढंच माझं काम होतं आणि बोलणंही एवढंच. बायका मला पडद्यामागचे भाऊजी म्हणत. बायकोनं आपल्या मनानं एखादा आकडा सांगितला तर म्हणत, "तुम्ही राहू द्या वहिनी, भाऊजीले विचारा न." मग हसत. मला ते बरं वाटायचं. किती बरं वाटायचं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्याआधी मी इतवारीच्या बाजारात होतो. भांड्यांच्या एका घाऊक पेढीवर बिलं लिहायचो. जन्म तिथंच गेला म्हटलं तरी चालेल. स्टीलचा माल तिथं किलोवर विकला जातो. गावोगावचे दुकानदार यायचे, पातेल्यांची चळत हातानं वाजवून बघायचे, आणि सेठ गादीवरून भाव सांगायचे, "टॅक्स अलग, हमाली अलग." हे ऐकून कोणी कधी भुवई उंचावली नाही. घाऊक बाजारात भाव म्हणजे कराशिवायचा भाव, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मी भाव लिहायचो, खाली रेघ ओढायचो, रेघेखाली कर, त्याखाली बेरीज. विक्रीकर होता तेव्हाही हेच, व्हॅट आला तेव्हाही हेच, जीएसटी आला तेव्हाही हेच. नावं बदलली, रेघ तीच राहिली. बाहेर हातठेल्यांचा आणि टेम्पोंचा इतका गोंगाट असायचा की माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाचं तिथं छान चालून गेलं.

मग सेठ थकले. मुलांना भांड्यांत रस नव्हता. पेढी बंद झाली आणि मी हुडकेश्वरच्या घरी येऊन बसलो. वय असं, की नवीन ठिकाणी कोणी घेत नाही आणि म्हातारा म्हणून कोणी उठून जागाही देत नाही.

बायको तोवर एका कंपनीचा माल घरून विकायला लागली होती. आधी हौस म्हणून. ओळखीच्या बायकांना घरी बोलवायचं, चहा पाजायचा, हाताच्या पाठीवर क्रीम लावून दाखवायची, ऑर्डर घ्यायची. हे दुकानात मिळत नाही, ओळखीनंच घ्यावं लागतं. मी घरी बसल्यावर तिच्या हौसेवर घर चालायला लागलं. ती बोलायला चांगली. कोणाच्या सुनेचा कितवा महिना चालू आहे, कोणाच्या गुडघ्याला काय झालं, सगळं तिच्या ध्यानात. मी दिवसभर घरात इकडून तिकडे करायचो. पेपर दोनदा वाचायचो. कूलरमध्ये पाणी आहे की नाही ते बघायचो, नसलं तर भरायचो, असलं तर परत बघायचो.

एके दिवशी तिनं कंपनीचं बिल माझ्यापुढे धरलं. "हे टॅक्सचं मले काही समजत नाही बाप्पा. हे आजपासून तुमचं खातं."

मी चष्मा लावला. बिल ओळखीचं वाटलं. भाव, खाली रेघ, रेघेखाली कर, बेरीज. मला काय आनंद झाला! सगळ्या गल्लीची भिशी जी बाई तोंडी सांभाळते, तिला टक्केवारी समजत नसेल का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तिनं मला बसायला जागा करून दिली होती.

आणि पहिल्याच दिवशी मी चूक केली. कंपनीनं बायकोला लावलेल्या भावात कर वेगळा दाखवला होता, हे खरं. पण कंपनीच्या यादीत गिऱ्हाइकासाठी जी छापील किंमत होती, तिच्यात कर आधीच धरलेला होता. किरकोळ विक्रीत तो तसाच असतो. मी स्वतः आयुष्यभर किराणा आणला, साबणाच्या वडीवर कधी वरून कर दिला नाही. पण घेणारा मी वेगळा होतो आणि लिहिणारा मी वेगळा. लिहिणाऱ्याला किंमत दिसली की खाली रेघ दिसायची. बायको ओळख म्हणून छापील किमतीत थोडं सोडायची, मी त्यावर अठरा टक्के चढवायचो, आणि डबा छापील किमतीच्याही वर जाऊन बसायचा. बायका म्हणायच्या, "सरकारचे आहेत, वहिनी तरी काय करन." आणि द्यायच्या.

ते जास्तीचे पैसे कुठं गेले ते मला दाखवता येणार नाही. दुधात गेले, गॅसमध्ये गेले, मुलीच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले. आम्ही त्यातून काही थाटमाट केला नाही. पण ते आमचे नव्हते.

इथपर्यंत चूक होती. चुकीचं मला फारसं वाटत नाही. पेढीवर माझ्या हातून मोठमोठ्या चुका झाल्या आणि सेठ दोन शिव्या देऊन विसरले.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्यांच्या यजमानांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि अंगावर मांस धरत नव्हतं. डॉक्टरांनी प्रोटीनची पावडर सांगितली होती. ती त्या आमच्याकडून घ्यायच्या, दर महिन्याला, न चुकता. आमच्या मालात तीच सगळ्यात महाग. बाईंनी कधी घासाघीस केली नाही. मी पडद्यामागून आकडा सांगितला की त्या तेवढे पैसे सतरंजीवर ठेवायच्या, सरळ करून.

उन्हाळ्यातली दुपार होती. बायको सक्करदऱ्याला बहिणीकडे गेली होती. बाई डबा घेऊन आल्या. त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिला होता.

"जरा वाचून द्याल का? ह्यांना गरम दुधातून दिली तर चालते का, एवढंच बघायचंय. अक्षरं मुंगीएवढी केलीत मेल्यांनी."

मी त्यांना खुर्ची दिली आणि डबा उजेडात धरला. सगळं इंग्रजीत. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. किती चमचे, कशातून, दिवसातून कितीदा. गरम दुधात नको, कोमटात चालेल. साखरेचा आजार असेल तर विचारून घ्या. डबा फिरवत फिरवत मी खाली आलो आणि किमतीवर माझी नजर गेली. किंमत, आणि तिच्यापुढे कंसात, सर्व करांसह.

कूलर जोरात चालू होता. मला तो एकदम बंद पडल्यासारखा वाटला.

"आणखी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. थंड आणि कोरड्या जागी ठेवा म्हणते."

"बस?"

"बस."

बाई उठल्या. डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तुम्ही वाचता छान हो. सावकाश, स्पष्ट. माझ्या वर्गात असं वाचणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी निघाली."

त्या रस्ता ओलांडून आपल्या फाटकात शिरेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत येऊन कोपऱ्यातल्या खोक्यातला सगळा माल काढला. साबण, शाम्पू, क्रीम. प्रत्येकावर तेच लिहिलेलं होतं. कधीपासून लिहिलेलं होतं.

बायको संध्याकाळी आली ती आनंदात आली. बहिणीच्या सोसायटीत तिला नवीन गिऱ्हाइकं मिळणार होती. तिनं चहा टाकला आणि तिकडचं सगळं सांगत सुटली. मी तिच्या मागं उभा राहून म्हणत होतो, आता सांगतो, हिचं एवढं बोलणं झालं की सांगतो. तिचं बोलणं झालं. चहा झाला. तिनं विचारलं, "काहून असे उभे आहात?" मी म्हणालो, "काही नाही." मग कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.

असं का केलं, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलं आहे. तिचा हिरमोड होईल. गल्लीत बोभाटा होईल. बाईंना काय वाटेल. ही सगळी उत्तरं चांगली आहेत आणि एकही खरं नाही. त्या घरात माझ्याकडे एकच खातं होतं, आणि तेच मला येत नाही हे मला सांगायचं नव्हतं.

मग मी जे केलं ते सांगायला चुकीपेक्षा जास्त लाज वाटते. पुढच्या वेळी बायका बसल्या असताना हाक आली, "अहो, किती बसते?" आणि मी म्हणालो,

"बारा."

पडदा बाजूला झाला. बायकोचं तोंड दिसलं. "अठरा होते न?"

"कमी झाला."

"कोणी केला?"

"सरकारनं."

ती बायकांकडे वळली. "घ्या वं! सरकारले दया आली."

"सरकारले कायची दया येते," एक जण म्हणाली, "भाऊजीलेच आली असन!"

सगळ्या हसल्या. फक्त बाई म्हणाल्या, "पेपरात कुठं आलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत वाचते."

"सगळंच कुठं येते बाई पेपरात?" बायको म्हणाली. "यायले इतवारीतून समजते."

तिचा माझ्यावर असा विश्वास. मला वाटलं होतं, एकदम शून्य म्हटलं तर प्रश्न येतील. हळूहळू उतरवू, कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि एक दिवस सगळं ठीक होईल. काही महिन्यांनी मी बाराचे पाच केले. परत सरकारच्या नावावर. बायकांनी सरकारचं कौतुक केलं. एकीनं तर निवडणुकीशी त्याचा संबंधही जोडला.

पाचावर मात्र मी थांबलो. पुढं शून्यच होतं. शून्य करायचं म्हटलं की जीभ उचलत नसे. सगळं सरकारवर ढकलता आलं असतं, लोकांनी ऐकलंही असतं. पण शून्य झालं की मला हाक कशाला मारायची? ज्याच्यावर काहीच बसत नाही त्याचं काय विचारायचं? बायको छापील किंमत वाचणार, थोडं सोडणार, पैसे घेणार. खुर्ची मग उचलून गच्चीवर नेऊन ठेवली तरी चालेल. म्हणून मी पाच टक्के चालू ठेवले. आपल्याला कोणी हाक मारावी म्हणून मी गल्लीतल्या बायकांकडून, एका आजारी माणसाच्या पावडरीवर, पाच टक्के घेत राहिलो. हे कारण मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. बाकीचं सांगितलं, हे नाही. हे वाचून तिला कळेल.

आणि मग सरकारनं खरोखरच दर खाली आणले. टीव्हीवर सारखं तेच. साबण स्वस्त, शाम्पू स्वस्त. मी खोटं बोलून पुढं निघून गेलो होतो, सरकार माझ्या मागून आलं.

त्या दुपारी बैठक भरली होती. बाईही होत्या. सगळ्यांना एकच विचारायचं होतं.

"आता आणखी किती कमी होईन वं वहिनी?"

गल्लीच्या टोकाला नवीनच राहायला आलेली एक तरुण सून पहिल्यांदा आली होती. ती शाम्पूची बाटली उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "पण याच्यावर वरून टॅक्स कायले? छापील किमतीतच असते न टॅक्स. माही मामी हेच विकते, ते तर छापल्यापेक्षा कमीच घेते. हे पाहा, लिहूनच आहे."

तिच्या आवाजात काही नव्हतं. सहज बोलली. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, मग तिसऱ्या. चहाचा कपही कोणी वाजवत नव्हतं.

"अहो?" बायकोनं हाक मारली.

नेहमीची हाक नव्हती ती. तिला आधार पाहिजे होता. मी बाहेर येऊन म्हणायला हवं होतं की हिला काही माहीत नाही, आकडे माझे आहेत. पडदा हाताच्या अंतरावर होता.

मी म्हणालो, "पाहावं लागेल."

एवढंच. खुर्चीवरून उठलोही नाही.

मग मला बायकोचा आवाज ऐकू आला. "माह्याच समजण्यात चूक झाली असन. मी नवीन होती न तवा. मीच यायले तसं करा म्हटलं होतं."

ती खोटं बोलली, माझ्यासाठी, भरल्या बैठकीत. बायका एकेक करून उठल्या. कोणाला दूध आणायचं होतं, कोणाचा नळ आला होता. बाईंनी आणलेली रिकामी पिशवी घडी घालून परत नेली. त्या दिवशी त्यांनी डबा घेतला नाही.

गल्लीत कोणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ऑर्डरी आटल्या. सक्करदऱ्याच्या सोसायटीतूनही निरोप आला की सध्या नको. एक दिवस भाजीचा ठेला फाटकासमोर थांबला होता. बायको भेंडी निवडत होती. मी खिडकीत. गल्लीतलीच एक जण आली आणि ठेलेवाल्याला मोठ्यानं म्हणाली, "काय गा, भेंडीवर टॅक्स अलग घेतो का? आमच्या गल्लीत घ्या लागते बरं!" ठेलेवाला काही न समजता हसला. बायकोनं निवडलेली भेंडी तशीच तराजूत टाकली, पैसे दिले, सुटे परत न घेताच आत आली. भाजी ओट्यावर ठेवली आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली.

मी मागं उभा होतो. तिला ते कळलं. वळून न पाहता म्हणाली, "जाऊ द्या. तुमची काय चूक? जन्मभर इतवारीत तसंच लिहिलं तुम्ही."

यापेक्षा तिनं काहीही म्हटलेलं चाललं असतं.

पुढचा महिना असाच गेला. बायको आता बैठकीत सतरंजी घालत नसे. माल खोक्यात पडून होता. एका सकाळी मेथी निवडायला बसली असताना ती म्हणाली, "मी ठरवलं. ज्याचे त्याले वापस करून टाकू. थोडे थोडे, जमन तसे. पण करू. मले या गल्लीतून मान खाली घालून जाता येत नाही."

"बरं," मी म्हणालो.

"हिशोब तुम्हीच करा. ऑर्डरी सगळ्या फोनवर आहेत, तारखेसकट. मी सांगत जाते, तुम्ही वरचे किती घेतले ते काढा."

तिनं फोन घेतला. मी खुर्ची ओढून बसलो. सगळ्यात आधी बाईंचं नाव काढलं तिनं. पहिल्या डब्याची तारीख सांगितली, मी अठरानं काढलं. दुसरा, तिसरा. मग ती थांबली.

"सरकारनं बारा कोणत्या महिन्यात केला होता? तिथून पुढं बारानं धरावं लागन."

मी मेथीची जुडी पुढं ओढली.

"सांगा न. तुमच्या ध्यानात असन. तुम्हीच तर सांगितलं होतं."

मेथीची एक काडी माझ्या हातात होती. ती मी मोडली, परत मोडली. आणखी मोडण्यासारखी राहिली नाही.

"सरकारनं नव्हता केला," मी म्हणालो.

"मंग?"

"म्या केला."

तिनं फोन खाली ठेवला. मी बोलत गेलो. आयुष्यात इतकं सलग मी बोललो नसेन. बाईंचा चष्मा, डबा, किमतीपुढचा कंस, कूलर. बारा. पाच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गॅसवरचा कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि कोणी उठलं नाही.

"म्हणजे ते पोरगी बोलली तवा तुमाले माहीतच होतं."

"हो."

"आणि मी माह्या अंगावर घेतलं तवा?"

"हो."

"भेंडीच्या दिवशी?"

"तेव्हाही."

ती उठली, गॅस बंद केला. परत येऊन बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. चिडलीही नाही. विचार करत बोलल्यासारखं म्हणाली, "मले वाटे, जो माणूस इतकं कमी बोलते तो खोटं कायले बोलन."

मग हात पुसले, केस सारखे केले, चपला घातल्या. "चला."

"कुठं?"

"बाईकडे. मी बोलणार नाही तिथं. मी काहीच बोलणार नाही. तुम्ही बोला."

रस्ता केवढा? आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत. बायको फाटकाशी थांबली. मी एकटा आत गेलो. बाईंचे यजमान व्हरांड्यात उन्हाला बसले होते. चेहऱ्यावर तेज आलं होतं, आधीपेक्षा भरलेले दिसत होते. मला पाहून त्यांनी हात वर केला. बाई आत फळी पुसत होत्या. फळीवर बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती होती आणि तिच्या खालच्या फळीवर आमच्या पावडरीचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले, धुऊन, पुसून. एकात डाळ, एकात साबुदाणा, एकात शेंगदाणे.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बायकोची चूक नाही, तिला काही माहीत नव्हतं. आकडे माझे होते. आधी चुकले, मग मुद्दाम. बाईंनी फडकं बाजूला ठेवलं. माझं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"त्या दिवशी ती ओळ तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती."

त्यांनी फळीवरचा साबुदाण्याचा डबा काढला. त्याच्यावरचा कागद अजून शाबूत होता. माझ्या हातात दिला.

"वाचा."

मला वाटलं, त्या रागावल्या आहेत. पण ते रागावणं नव्हतं. एखाद्या मुलानं मधली ओळ गाळली की शिक्षक थांबवतात, तसं होतं ते. मी वरपासून सुरुवात केली. किती चमचे, कशातून...

"ते नको. ते मला पाठ आहे. राहिलेलं वाचा."

मी डबा फिरवला. किंमत वाचली. मग पुढचं, हळू.

"मोठ्यानं. वहिनी फाटकाशी उभ्या आहेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"सर्व करांसह," मी मोठ्यानं वाचलं.

व्हरांड्यातून यजमानांनी विचारलं, "काय वाचून राहिले?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी एवढं राहिलं होतं." त्यांनी डबा माझ्या हातून घेतला, जागेवर ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पैसे आणून द्या. मी घेईन. नको नको म्हणणार नाही. आणि तुम्हीच आणून द्या, वहिनींना पाठवू नका."

मी बरं म्हणालो. आणखी काही म्हणावंसं वाटत होतं, पण त्या परत फळी पुसायला लागल्या होत्या.

बाहेर आलो. बायको फाटकाचा गज धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. मी घराच्या दिशेनं वळलो, तर ती वळली नाही. ती गल्लीच्या टोकाकडे निघाली, भेंडीच्या दिवशी टोमणा मारणारीचं घर आधी लागतं त्या बाजूनं. मी तिच्या मागून चालायला लागलो. उन्हात वाळत घातलेल्या पापडांवरून कोणीतरी मान वर करून पाहिलं. बायकोची मान खाली नव्हती.

त्या घराच्या फाटकाशी ती थांबली, एका बाजूला झाली, आणि कडी मी वाजवावी म्हणून उभी राहिली.